मान हलली, सबब मंजूर

बंगळुरातल्या जयनगर चौथ्या ब्लॉकात राहणारे श्री. मल्हारराव इंगळे, वय वर्षे पंचावन्न, हे १९९६ सालच्या जून महिन्यात दोन चष्म्यांचे धनी होते. एक लांबचा, एक जवळचा. दोन्ही चष्मे सुस्थितीत होते. तरीही गेल्या सहा वर्षांत मल्हाररावांनी कचेरीच्या एकाही बैठकीत एकाही विषयाला विरोध केला नव्हता, आणि त्याला कारण हे दोन चष्मेच होते, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

मल्हारराव 'निवृत्तिवेतनधारक सुविधा महामंडळा'च्या जयनगर शाखेचे प्रमुख होते. दर महिन्याला मुख्य कचेरीत बैठक भरे. व्यवस्थापकीय संचालक श्री. उपेंद्र टेबलाच्या एका टोकाला, मल्हारराव दुसऱ्या टोकाला. समोरचा कागद वाचायला जवळचा चष्मा लावावा, तर उपेंद्रसाहेबांच्या जागी एक पांढरट ढग बोलू लागे. ढगाचा चेहरा बघायला लांबचा लावावा, तर कागदावर मुंग्या धावत. एक काढून दुसरा लावेपर्यंत विषय मंजूर झालेला असे. या अदलाबदलीच्या काळात महामंडळाने एक जीप विकली, तीच जीप परत घेतली आणि मल्हाररावांच्याच खोलीतला पंखा दुसऱ्या शाखेला देऊन टाकला. पंख्याचे मल्हाररावांना उन्हाळ्यात कळले.

मंजुरीची महामंडळाची पद्धत साधी होती. हात वर करणे, तोंडाने हो-नाही म्हणणे असल्या भानगडी तिथे नव्हत्या. उपेंद्रसाहेब विषय वाचत, 'सरी ना?', म्हणजे 'ठीक ना?', एवढेच विचारत, आणि टेबलाभोवतीच्या माना या खांद्याकडून त्या खांद्याकडे हळूच डोलत. बंगळुरात मान अशी डोलली की 'ठीक आहे' समजायचे, हे इथे जन्मलेल्याला शिकवावे लागत नाही. बाहेरून आलेल्याचे मात्र हाल होतात. मल्हाररावांच्या माडीवर भाड्याने राहणारा सुशांत पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आला होता. तो पहिले तीन महिने चालतच कामाला गेला, कारण ऑटोवाले मान हलवून आपल्याला नाही म्हणताहेत अशी त्याची समजूत होती. बैठकीत असा गैरसमज कुणाचा होत नसे. माना डोलत, लघुलेखिका सौम्या इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' लिही, आणि चहा येई.

हे सर्व सुरळीत चालले असते. पण जूनच्या शेवटी पुढच्या बैठकीची विषयपत्रिका आली आणि तिच्यात विषय क्रमांक सात होता: 'जयनगर शाखा देवनहळ्ळी येथे हलविणे.'

मल्हाररावांनी टिपणी घरी आणून जवळच्या चष्म्याने दोनदा वाचली. शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर, देवनहळ्ळीला किल्ल्याजवळ महामंडळाची एक इमारत रिकामी होती. रिकाम्या इमारतीबद्दल लेखापरीक्षकांनी विचारणा केली होती. ती भरावी म्हणून जयनगर शाखा तिथे न्यावी, असा विचार होता. निवृत्तिवेतनधारकांची गैरसोय होईल काय, या रकान्यात लिहिले होते, 'नाही. त्या परिसरात विमानतळ होण्याची शक्यता वर्तविली जाते. तसे झाल्यास निवृत्तिवेतनधारकांना थेट विमानाने येता येईल.'

आता, निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकाला दर नोव्हेंबरात शाखेत जातीने हजर राहून आपण जिवंत असल्याचे दाखवून द्यावे लागे. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. मल्हाररावांच्या मातोश्री अंबुबाई, ज्यांना घरातले सगळे अक्का म्हणत, ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. वडिलांच्या पश्चात मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या दरवर्षी घरून शाखेपर्यंत काठी टेकत जात. सात मिनिटे लागत. देवनहळ्ळीला जायचे तर जयनगरहून मॅजेस्टिकचे मोठे बसस्थानक, तिथून दुसरी बस, आणि उतरल्यावर किल्ल्यापर्यंत चाल.

"मल्हारा," अक्कांनी विचारले, "जिवंत हाय म्हणून सांगायला तिकडं निघाले आणि वाटेतच मेले, तर तुम्ही लिहिणार काय रे?"

"त्याचा नमुना वेगळा असतो," मल्हारराव सवयीने म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

नियम चौदा (क) प्रमाणे शाखाप्रमुखाचा विरोध असेल तर शाखा हलवता येत नव्हती. म्हणजे जयनगरच्या चारशे म्हाताऱ्यांना आणि त्यांतल्या एका अक्कांना दोन बस बदलाव्या लागतील की नाही, हे एकट्या मल्हाररावांच्या मानेवर अवलंबून होते. त्यांनी अक्कांच्या पायाला हात लावून सांगितले, "या खेपेला मी नाही म्हणणार."

"कुठल्या चष्म्यातनं?" रत्नाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची अडचण त्यांना पाठ झाली होती.

तोडगा सुशांतने काढला. "काका, दोन चष्मे म्हणजे टोटली आउटडेटेड! प्रोग्रेसिव्ह घ्या. एकाच काचेत लांबचं, मधलं, जवळचं, सगळं. मध्ये रेघसुद्धा नाही. आमच्या कंपनीतले सगळे सीनियर लोक तेच घालतात."

जयनगर कॉम्प्लेक्सजवळच्या 'विश्वेश्वर ऑप्टिकल्स'मध्ये मालक विश्वेश्वर यांनी स्वतः मोजमाप घेतले. चष्मा तयार होऊन आला तो बैठकीला चार दिवस उरले असताना. तो नाकावर चढवून विश्वेश्वर यांनी समजावून सांगितले, "सर, वर लांबचं, मध्ये मधलं, खाली जवळचं."

"आणि कडेला?"

"कडेला काही नाही. कडेला बघायचंच नाही. डोळे फिरवायचे नाहीत, मान फिरवायची. जे बघायचं त्याच्यासमोर नाक धरा. पंधरा दिवस स्वल्प अड्जस्ट माडि, थोडं जुळवून घ्या. आपोआप सरी होतं."

"माझी बैठक चौथ्या दिवशी आहे."

"मग थोडं लवकर अड्जस्ट माडि," विश्वेश्वर म्हणाले.

मल्हाररावांनी मनापासून प्रयत्न केला. जिना उतरताना खाली बघितले की पायऱ्या तळ्यातल्यासारख्या हलत, म्हणून हनुवटी गळ्याला टेकवून उतरायचे त्यांनी ठरवले. शेजाऱ्यांना वाटले, राव हल्ली फार खिन्न असतात. पेपर वाचताना हनुवटी वर करावी लागे. त्याच स्थितीत रत्नाबाई समोर आल्या तर त्यांना वाटे, नवरा आपल्याकडे तुच्छतेने पाहतो आहे.

"माझ्याकडं असं नाक उडवून बघायचं नाही हं!"

"अगं, मी उपीट बघतोय."

"उपिटाकडं तरी कशाला नाक उडवायचं? काय वाईट झालंय?"

खरी कसरत मधल्या अंतराची होती. समोरचा चेहरा स्वच्छ दिसेल ती काचेतली जागा इतकी अरुंद होती, की ती सापडेपर्यंत मान किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी सरकवत राहावी लागे. बाजारात दोडक्यांच्या ढिगापलीकडे बसलेल्या बाईचा चेहरा शोधताना त्यांची मान अशीच सरकली आणि त्या बाईने क्षणाचाही विलंब न लावता चार किलो दोडकी पिशवीत ओतली. मल्हाररावांनी ती घरी आणली. इंगळ्यांच्या घरी तीन दिवस दोडक्याचे पदार्थ झाले. यातून धडा घेण्यासारखे काही होते, पण मल्हाररावांनी तो फक्त दोडक्यापुरता घेतला.

बैठकीच्या दिवशी ते वीस मिनिटे आधी जाऊन बसले. नियम चौदा (क) त्यांनी बारीक अक्षरात कागदावर उतरवून घेतला होता. विषय एक ते सहा पार पडले आणि मल्हाररावांना आयुष्यात पहिल्यांदा ते दिसलेही. मग उपेंद्रसाहेबांनी विषय सात वाचला.

मल्हाररावांनी हनुवटी वर करून कागद पाहिला. मग हनुवटी खाली करून साहेबांकडे पाहिले. पुन्हा कागद, पुन्हा साहेब. साहेब जरा धूसर होते, म्हणून त्यांनी स्वच्छ जागा शोधायला मान डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, पुन्हा डावीकडे. साहेबांचा चेहरा अगदी लख्ख दिसला. तो हसत होता.

"सरी ना, म्हणून मी विचारायच्या आत रावांची मान डोलली," उपेंद्रसाहेब सगळ्यांना म्हणाले. "स्वतःची शाखा जातेय, तरी हा उत्साह. याला म्हणतात निष्ठा."

टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. मल्हारराव उठून "साहेब, नाही, माझा विरोध..." एवढे म्हणाले, पण तोवर चहा आला होता, आणि चहानंतरचे बोलणे 'आयत्या वेळचे विषय' या सदरात जात असल्याने ते पुढच्या महिन्यात घेतले जाते.

दुसऱ्या दिवशी मल्हारराव इतिवृत्त दुरुस्त करून घ्यायला सौम्याकडे गेले. सौम्याने वही उघडून दाखवली. 'विषय सात: एकमताने मंजूर. श्री. इंगळे यांनी तीन वेळा मान डोलावून विशेष संमती दर्शविली.'

"ती मान माझी नव्हती, सौम्या. ती चष्म्याची होती."

"सर, चष्म्याची मान आणि तुमची मान असे दोन रकाने नाहीत वहीत," सौम्या अजिजीने म्हणाली. ती मनाने चांगली होती. "तुम्ही असं करा, चष्म्यामुळं मान हलली म्हणून दाखला आणा. मी शुद्धिपत्र काढते."

मल्हारराव विश्वेश्वर यांच्याकडे गेले. विश्वेश्वर यांचा चेहरा उतरला. "सर, आमच्या काचेनं मान हलते म्हणून लिहून दिलं तर उद्या दुकानात कोण येईल?" असे म्हणून त्यांनी दुसरेच लिहून दिले: 'सदर भिंगे निर्दोष असून ती धारण केल्याने कोणाचीही मान हलत नाही. ग्राहक पूर्णपणे अड्जस्ट झालेला आहे.' कागद दुकानाच्या छापील शीर्षकाचा होता, त्यामुळे महामंडळाने तो लगेच दाखल करून घेतला.

चष्म्याने मान हलत नसेल, तर मानेलाच काही आजार असावा, असा पुढचा तर्क निघाला आणि मल्हाररावांना वैद्यकीय मंडळापुढे पाठवण्यात आले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांची मान चारही दिशांना फिरवून पाहिली आणि अहवाल दिला: 'मान सर्व दिशांना विनासायास फिरते. मान मालकाच्या संपूर्ण ताब्यात आहे.' म्हणजे चष्मा निर्दोष, मान निर्दोष. ती डोलली याचा अर्थ ती विचारपूर्वक डोलली, हे आता दोन तज्ज्ञांच्या सहीने सिद्ध झाले. मल्हाररावांच्या फाइलीत विरोधाचा एकही कागद नव्हता आणि संमतीचे तीन झाले होते.

तरीही मल्हारराव हटले नाहीत, हे इथे नमूद केले पाहिजे. त्यांनी चार पानी निवेदन दिले. निवेदनाचा विचार करायला मान समिती नेमली गेली. समितीने तीन बैठका घेतल्या, त्यांतल्या दोन स्वतःच्याच आधीच्या बैठकीचे इतिवृत्त मंजूर करण्यासाठी होत्या. शेवटी परिपत्रक निघाले: 'प्रोग्रेसिव्ह चष्मा धारण करणाऱ्या सदस्यांनी मंजुरीच्या वेळी चष्मा काढून डबीत ठेवावा, डबी टेबलावर ठेवावी, व डबीवर उजवा हात ठेवावा.' या नियमाखाली विषय सात ऑगस्टच्या बैठकीत फेरविचारासाठी घेण्याचे ठरले.

घरी जल्लोष झाला. रत्नाबाईंनी चिरोटे केले. सुशांत म्हणाला, "काका, यू हॅव बीटन द सिस्टिम!" अक्का म्हणाल्या, "आता चष्मा नाही, काही नाही. नुसतं तोंडानं नाही म्हण की झालं." मल्हारराव आरशासमोर उभे राहून ताठ मानेने 'नाही' म्हणण्याचा सराव करत. तो उत्तम जमू लागला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःबद्दल बरे वाटत होते.

ऑगस्टच्या बैठकीत विषय सात आला. मल्हाररावांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर उजवा हात ठेवला. समोर पुन्हा तो जुना पांढरट ढग होता. ढग फार मायेने बोलू लागला.

"राव, तुमचं निवेदन वाचलं. मला पटलं. चष्म्यानं मान हलली असेल, मान्य. मग जुलैची मंजुरी रद्द. पण तुम्हीच लिहिलंय, की त्याआधीची सहा वर्षं दोन चष्म्यांच्या भानगडीत तुम्हाला विषयच दिसले नाहीत. मग त्याही मंजुऱ्या रद्द कराव्या लागतील. बरोबर?"

मल्हाररावांनी डबीवरचा हात सारखा केला.

"मी काय म्हणतो, त्या सहा वर्षांत तुमची शाखाप्रमुख म्हणून बढतीही याच टेबलावर मंजूर झाली. तीही एकमतानं. तेव्हाही तुमची मान डोलली होती, सौम्यानं लिहिलंय. आता मानाच ग्राह्य नाहीत म्हटल्यावर..." ढगाने मोठा सुस्कारा सोडला. "मी तुमच्या बाजूचा आहे. तुम्ही नाही म्हणा. मी ताबडतोब सगळ्याच मंजुऱ्या चौकशीला घालतो. नाहीतर देवनहळ्ळीला प्रमुख म्हणून तुम्हीच जा. स्वतंत्र खोली आहे. पंखा आहे. निवृत्तीला तीन वर्षं तर राहिली. स्वल्प अड्जस्ट माडि, राव. सरी ना?"

चष्मा डबीत होता. डबीवर हात होता. शोधण्यासारखी कोणतीही स्वच्छ जागा समोर नव्हती. मल्हाररावांनी आरशासमोर पाठ केलेला शब्द जिभेवर आणला. आणि त्यांची मान या खांद्याकडून त्या खांद्याकडे हळूच डोलली.

सौम्याने लिहिले. चहा आला.

घरी मल्हाररावांनी सांगितले, की चष्म्याने घात केला. रत्नाबाईंनी दुकानदाराला, काचेच्या कारखान्याला आणि माडीवरच्या सुशांतला नावे ठेवली. सुशांत बिचारा स्वतःला अपराधी समजून आठवडाभर खाली आला नाही. अक्कांनी देवनहळ्ळीची बस कुठून सुटते, एवढे विचारून घेतले.

नोव्हेंबर आला. मल्हारराव आता देवनहळ्ळीला रुजू झालेले होते. त्यांनी नियम काढून पाहिले. निवृत्तिवेतनधारकाला शाखाप्रमुखाने समक्ष पाहणे आवश्यक होते. पण 'समक्ष' म्हणजे कार्यालयात, कार्यालयीन वेळेत, रांगेच्या क्रमाने. सकाळी घरात चहा देताना पाहिले तर ते खाजगी पाहणे झाले. कार्यालयाच्या जीपमधून लाभार्थ्याला आणण्याची मनाई होती. म्हणून नऊ तारखेला मल्हारराव जीपने पुढे गेले आणि अक्का रत्नाबाईंचा हात धरून बसने मागून निघाल्या. मॅजेस्टिकला त्यांना बसायला जागा मिळाली नाही.

दुपारी पाऊण वाजता अक्कांचा नंबर आला. रांग दारातून बाहेर किल्ल्याच्या भिंतीपर्यंत गेली होती. मल्हाररावांना चष्मा आता पूर्ण सवयीचा झाला होता. खाली रजिस्टरातली रेघ न् रेघ दिसत होती. मध्ये टेबलापलीकडे अक्कांचा चेहरा होता, त्यावरचा घाम आणि धूळसुद्धा स्वच्छ दिसत होती. वर, लांब, रांगेतली माणसे काठीवर भार देऊन पाय बदलत उभी होती, तीही एकेक करून दिसत होती. इतके चांगले त्यांना आयुष्यात कधी दिसले नव्हते, आणि दिसते आहे याचे त्यांना फार वाईट वाटत होते.

"नाव?" त्यांनी विचारले. विचारणे भाग होते.

"अंबुबाई." अक्का टेबलाला धरून उभ्या होत्या. "मल्हारा, चष्मा बसला का रे आता?"

"बसला, अक्का."

"मग मान का खाली घालतोस? वर बघून लिही की."

मल्हाररावांनी वर न बघता 'समक्ष पाहिले, जिवंत आहे' असे लिहून सही केली. मग ते घसा खाकरून रांगेला उद्देशून मोठ्याने म्हणाले, "नवीन जागेबद्दल कुणाची काही तक्रार आहे का? असेल तर आत्ता सांगा, मी लिहून घेतो. वरपर्यंत पाठवतो." ते खरोखरच लिहून घेणार होते. त्यांनी पेन उघडले होते.

रांगेतले शेवटचे गृहस्थ जयनगरच्याही पलीकडून तीन बस बदलून आले होते. त्यांनी पुढच्याकडे पाहिले, पुढच्याने त्याच्या पुढच्याकडे पाहिले, आणि दारापासून भिंतीपर्यंतच्या सगळ्या माना या खांद्याकडून त्या खांद्याकडे डोलल्या. त्यांतल्या एकाच्याही नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा नव्हता.

मल्हाररावांनी तक्रार नसल्याची नोंद केली. हे वाचून आपणही 'काय ही माणसं!' म्हणून नापसंतीने मान हलवली असेल. नापसंतीचा रकाना महामंडळाच्या वहीत नाही. मान हलली, एवढे सौम्याने टिपून घेतले आहे.